आसव, अरिष्ट आणि बेल्जमची एक बाटली

आमच्या घरीं देवघराच्या डाव्या अंगास भिंतींत एक लांकडी कपाट आहे. वडिलांच्या वेळेपासून त्यांत घरगुती औषधें असतात: सुंठ, हिरडा, ज्येष्ठमध, मधाची बरणी आणि द्राक्षासवाची एक बाटली. गेल्या दिवाळींत या कपाटासमोर ओट्यावर एक निराळीच बाटली येऊन उभी राहिली, आणि तिच्यापायीं साठी उलटलेल्या, जन्मांत मद्यास न शिवलेल्या आमच्यासारख्या शिक्षकास चार रात्री नीट झोंप लागली नाहीं. ही हकीकत वाचकांपुढें मांडावी कीं नाहीं याचा आम्हीं बराच विचार केला. मद्याचें नांव निघतांच पान उलटणारे वाचक असतील. त्यांस एवढीच विनंती कीं, शेवटपर्यंत वाचावें आणि मग काय तो दोष द्यावा.

बाटली आणली आमच्या भाच्यानें. तो बेल्जम देशांत लूव्हेन या विद्यापीठाच्या गांवीं संशोधनाच्या कामावर आहे. लहानपणीं सुटींत तो आमच्याकडे वारूळवाडीस येत असे, आणि पहांटे मीनेच्या कांठीं फिरतांना आम्ही त्याच्याकडून अमरकोश म्हणवून घेत असूं. बाटली ओट्यावर ठेवून तो म्हणाला, “मामा, अमरकोशांतलीं मद्याचीं दहा-बारा नांवें तुम्हीं माझ्याकडून पाठ करून घेतलींत. त्यांपैकीं एकाचीहि चव तुम्हांला ठाऊक नाहीं. ही बिअर मठांतल्या संन्याशांनीं केलेली आहे. एक घोट घ्या, आणि मग खुशाल निषेध करा.”

सौ. नें बाटली उचलली, तिच्यावरचा मठाचा शिक्का पाहिला, आणि कांहीं न बोलतां ती पडवींतल्या फडताळांत नेऊन ठेवली. “पाहुण्याची वस्तु आहे म्हणून टाकीत नाहीं,” एवढेंच ती म्हणाली.

भाच्याचें बोलणें मात्र आमच्या मनांतून जाईना. अमरसिंहानें दिलेल्या नांवांत ‘गंधोत्तमा’ असें एक नांव आहे. पन्नास वर्षें आम्हीं तें घोकलें आणि घोकून घेतलें. पण हा उत्तम गंध कसला, हा प्रश्न आम्हांस एकदांहि पडला नव्हता.

बाटलीवर वेस्टमाले असें नांव होतें. अँटवर्प शहराजवळ त्या नांवाच्या गांवीं ट्रॅपिस्ट पंथाच्या ख्रिस्ती संन्याशांचा मठ आहे; तो १७९४ सालीं स्थापन झाला. प्रार्थना, मौन आणि अंगमेहनत हीं त्यांचीं व्रतें. सहाव्या शतकांतल्या संत बेनेडिक्टनें घालून दिलेले नियम ते अद्याप पाळतात, आणि संन्याशानें स्वतःच्या हातांच्या कष्टावर जगावें हा त्यांतील एक. या मठांत १८३६ सालीं पंगतीपुरती बिअर होऊं लागली, १८५६ सालीं गडद तपकिरी रंगाची, जरा तीव्र अशी दुसरी निघाली, आणि तिची हल्लींची कृति १९२६ सालची आहे. तिला ‘दुबेल’ म्हणतात, अर्थ ‘दुप्पट’. मद्यार्काचें प्रमाण शेंकडा ७. अशा मठांनीं १९९७ सालीं आपली एक संस्था काढली. बिअर मठाच्या आवारांतच व्हावी, तीवर संन्याशांची देखरेख असावी, आणि नफा मठाचा चरितार्थ भागवून धर्मादायास जावा, या अटी पाळणारासच संस्थेचा शिक्का मिळतो. बेल्जममधील बिअरची एकंदर संस्कृति २०१६ सालीं युनेस्कोनें मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादींत घेतली आहे.

संन्यासी आणि मद्य हा विरोध आम्हांस प्रथम फार खटकला. परंतु बेनेडिक्टच्या नियमावलीचें चाळिसावें प्रकरण भाच्यानें वाचून दाखविलें तेव्हां आम्ही विचारांत पडलों. बेनेडिक्ट म्हणतो तें साधारण असें: मद्य संन्याशासाठीं नव्हेच, पण आजकालच्या संन्याशांस हें पटविणें अशक्य, म्हणून निदान थोडकें प्यावें, दिवसाला एक ‘हेमिना’, म्हणजे सुमारें पाव लिटर, पुरे, आणि ज्यांस ईश्वर न पिण्याचें बळ देईल त्यांस विशेष फळ मिळेल. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत मांस-मद्याविषयीं मनूनें केलेला निवाडाहि याच वळणाचा आहे: प्राण्यांची ओढ तिकडे असते, परंतु निवृत्तीचें फळ मोठें. दोन देशांतले दोन नियमकार, एकमेकांचें नांवहि न ऐकलेले, मनुष्यस्वभावापुढें सारखेच थबकलेले पाहून आम्हांस मौज वाटली. अर्थात् तोच मनु सुरापानास महापातकांत घालतो हें आम्ही विसरलों नाहीं.

आतां ही वस्तु होते कशी तें सांगतों. कारण तीमधील एकहि क्रिया आपल्या गृहिणींस अपरिचित नाहीं. सातू भिजवून त्यांस मोड आणतात, ते वाळवून भाजतात आणि भरडतात. नाचणीचें सत्त्व करतांना आपण नाचणीला मोड आणून ती वाळवतों तसेंच हें. मोड आल्यानें धान्यांतल्या पिठाची साखर होण्याची तयारी होते. ही भरड कढत पाण्यांत मुरवून गाळली म्हणजे गोड पेज निघते. ती हॉप नांवाच्या वेलाच्या फुलांबरोबर उकळतात. हा वेल भांगेच्या कुळांतला. त्याच्या फुलांनीं कडवटपणा येतो आणि टिकाऊपणाहि. मग त्यांत बीटाच्या साखरेचा आटवून काळसर केलेला पाक घालतात. तिकडे त्याला कॅन्डी म्हणतात. आमच्या भागांत उसाच्या गुऱ्हाळावर जी काकवी मिळते तिचाच तो परदेशी भाऊ. दुबेलचा काळसर रंग आणि मनुकांसारखी चव बरीचशी या पाकाची. पुढें निवलेल्या रसांत किण्व, म्हणजे यीस्ट, सोडतात. तें साखर खातें आणि मद्यार्क व वायु निर्माण करतें. हें काम सूक्ष्म जिवांचें, असें लुई पाश्चरनें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर सिद्ध केलें. शेवटीं बाटलींत भरतांना पुन्हां थोडी साखर आणि थोडें किण्व घालून बूच मारतात. बाटलींतल्या बाटलींत दुसऱ्यानें आंबण्याची क्रिया होते, वायु कोंडला जातो, आणि तळाशीं गाळ बसतो. मनूच्या वर्गीकरणानें पाहिलें तर ही पिठाची पैष्टी आणि गुळाची गौडी या दोन सुरांची संकरजात होय.

बाटलींतलें हें दुसरें आंबणें आमच्या गांवाच्या शेजाराला नवीन नाहीं. वारूळवाडी नारायणगांवास लागूनच आहे, आणि नारायणगांवीं गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकांत श्री. शामराव चौगुले यांनीं फ्रेंच तज्ज्ञांच्या साह्यानें द्राक्षांचें फेसाळतें मद्य काढलें. तें फ्रान्सांतील शँपेनच्या रीतीनें, बाटलींत दुसऱ्यानें आंबवून. ‘उमर खय्याम’ या नांवानें तें इंग्लंडांत विकलें जात असे, आणि हिंदुस्थानांत असें कांहीं होतें याचें तिकडच्या जाणकारांस आश्चर्य वाटे. पुढें तो उद्योग कर्जाखालीं कोलमडला. आम्ही त्या काळीं गांवांतच होतों. द्राक्षांच्या गाड्या दारावरून जात; पण आंत काय चालतें हें पाहण्यास आम्ही एकदांहि गेलों नाहीं. विटाळ होईल असें वाटलें म्हणून नव्हे. जाणून घेण्यासारखें तेथें कांहीं असेल असेंच वाटलें नाहीं. ज्या जुन्नरच्या लेण्यांत यवन दात्यांचे शिलालेख आहेत, आणि ज्या काळीं इटलीचें मद्य जहाजानें भडोचच्या बंदरांत उतरत होतें असें ‘पेरिप्लस’ हा ग्रीक प्रवासग्रंथ सांगतो, त्या मुलुखांत राहून आमची ही उदासीनता! शिक्षकाला ती शोभणारी नव्हती.

आपल्या ग्रंथकारांस अशी उदासीनता नव्हती. कौटिल्यानें अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत सुराध्यक्षाचें एक सबंध प्रकरण लिहिलें आहे. मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय आणि मधु असे सहा प्रकार सांगून तो त्यांचीं द्रव्यें मापासकट देतो. किण्व कशाचें करावें तें सांगतो. आणि शुद्ध वर्तनाच्या ओळखीच्या माणसालाच कुडवाच्या चतुर्थांशापासून प्रस्थापर्यंत मोजून मद्य बाहेर नेऊं द्यावें असा निर्बंध घालतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत चौऱ्यायशीं आसवें मोजलीं आहेत. शार्ङ्गधरानें भेद असा सांगितला कीं, न उकळतां आंबविलें तें आसव, आणि काढा करून आंबविलें तें अरिष्ट. या सर्वांत मद्यार्क असतो, आणि तो बाहेरून घातलेला नसून आंतच उत्पन्न झालेला असतो.

आमचे वडील द्राक्षासव घरीं घालीत. तुपानें माखलेला मातीचा घट, मनुका, गूळ, मध, वेलची, दालचिनी, मिरी, आणि मुख्य म्हणजे धायटीचीं फुलें. हीं लाल फुलें आमच्या सह्याद्रीच्या उतारांवर उन्हाळ्यांत रगड मिळतात. त्यांच्या अंगीं किण्वाचे जीव निसर्गतःच असतात, हें शास्त्र आतां सांगतें. वडिलांस तें ठाऊक नव्हतें, परंतु फुलांवांचून आसव ‘उठत’ नाहीं हें पक्कें ठाऊक होतें. घटाचें तोंड मातीनें लिंपून तो धान्याच्या राशींत महिनाभर पुरीत. उघडण्याच्या दिवशीं आम्ही मुलें भोंवतीं जमत असूं. त्याला कोणी दारू म्हटलें नाहीं; म्हणण्याची कोणाची छातीहि नव्हती.

असो. घोट घ्यावयाचा असें आम्हीं अखेर ठरविलें. पण कायद्याचा प्रश्न उरला. मुंबई प्रांताचा १९४९ चा दारूबंदी कायदा महाराष्ट्राच्या नांवानें अद्याप अमलांत आहे, आणि त्याप्रमाणें मद्य पिण्यास परवाना लागतो. भाचा हंसला. “मामा, हा परवाना कोणी विचारीत नाहीं.” आम्ही म्हटलें, “आम्हीं मुलांना चाळीस वर्षें नागरिकशास्त्र शिकविलें. पिणेंच असेल तर परवान्यानें पिऊं.” बेल्जममध्येंहि एक काळ असा कायदा होता. १९१९ सालच्या व्हान्डरवेल्डेच्या कायद्यानें तेथील गुत्त्यांत कडक दारू विकण्यास बंदी झाली, आणि ती उणीव भरून काढण्यास तीव्र बिअर पुढें आली. कायदा १९८३ सालीं गेला, बिअर राहिली. कायदे काय मारतात आणि काय वाढवितात, हें कायदे करणारांसहि आधीं कळत नाहीं.

तेव्हां आम्ही मद्याच्या एका दुकानीं गेलों. आयुष्यांत प्रथमच. दुपारची वेळ मुद्दाम निवडली होती, तरी टोपी डोळ्यांवर ओढली गेलीच. गल्ल्यावर बसलेला इसम आम्हांस पाहून एकदम उठला, फळी उचलून बाहेर आला, आणि भर रस्त्यांत आमच्या पायां पडला. तो आमचाच विद्यार्थी निघाला.

“गुरुजी, औषधांचें दुकान शेजारीं आहे.”

“नाहीं रे बाबा. आम्हांस येथेंच काम आहे. एक दिवसाचा परवाना पाहिजे.”

त्यानें आमच्याकडे पाहिलें. मग गल्ल्यामागें गेला, कागद काढला, आणि आमचें नांव स्वच्छ अक्षरांत लिहिलें. तें अक्षर आम्हींच वळविलेलें होतें. परवाना कशासाठीं याबद्दल कायद्याची जी भाषा आहे ती वाचून आम्हीं चष्मा पुसून पुन्हां वाचली: आरोग्याच्या रक्षणासाठीं व तें टिकविण्यासाठीं! म्हणजे सरकारच्या दप्तरीं प्रत्येक पिणारा रोगी आणि प्रत्येक प्याला औषध. आमच्या कपाटांतली बाटली आणि पडवींतली बाटली सरकारनें एकाच ओळींत आणून ठेविल्या होत्या.

त्याच दिवशीं चार वाजतां आम्ही पडवींत बसलों. बाटली थंड करून अर्धा तास बाहेर ठेविली होती. फार गार असली तर चव कळत नाहीं असें भाच्याचें म्हणणें. त्यानें ती तिरपी धरून रुंद तोंडाच्या कांचेच्या पेल्यांत हळूहळू ओतली, आणि तळचा गाळ बाटलींतच राहूं दिला. “आधीं पाहायचें, मग हुंगायचें, मग थोडें जिभेवर धरायचें, आणि गिळल्यावर नाकानें श्वास सोडायचा,” असा त्यानें पाठ दिला. आम्हांस श्लोक लावण्याची रीत आठवली: आधीं पदच्छेद, मग अन्वय, मग अर्थ. घाई केली कीं अर्थ हातचा जातो.

रंग पाहिला. पेला समोर धरला तर काळसर. उन्हाकडे धरला तर तपकिरींत तांबूस झांक, मुरलेल्या आंवळ्याच्या मुरांब्यासारखी. वरचा फेस सायीच्या रंगाचा, दाट. धारोष्ण दुधाच्या फेसासारखा लौकर न बसणारा. सौ. दारांत उभी होती. ती म्हणाली, “दिसायला कांहीं वाईट नाहीं.” भाच्यानें पेला तिच्यापुढें केला तेव्हां तिनें दुरूनच वास घेतला आणि म्हणाली, “अहो, हा तर गुऱ्हाळाचा वास.”

तिचें म्हणणें अचूक होतें. पहिला वास काकवीचा. त्यामागून खजूर आणि मनुका. त्यामागून जरा करपलेल्या भाकरीच्या पापुद्र्याचा. आणि त्यांतून मधूनच पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा. केळें आणि लवंग त्यांत कोणी घातलेलीं नाहींत. तें किण्वाचें देणें आहे, असें भाचा म्हणाला. पेल्याला तोंड लावावेंसें आम्हांस वाटलें नाहीं. द्राक्षासवाच्या बाटलीचें मापाचें झांकण आणलें, तें १५ मिलिलिटरचें, आणि तें भरून तोंडांत घेतलें.

आमची अपेक्षा गोडाची होती. वासानें तशी समजूत करून दिली होती. पण गोडी आली आणि लगेच मागें सरली. किण्वानें साखर बहुतेक खाऊन टाकलेली असते. जिभेवर बारीक चुरचूर, मग भाजल्या धान्याची खमंग चव, मग सुक्या अंजिरासारखें कांहीं, आणि शेवटीं, गिळून झाल्यावर, टाळूशीं मंद कडवटपणा. मेथीच्या लाडवानंतर मागें राहतो तसा. वाईट नव्हे, तोंड स्वच्छ करणारा. छातींत थोडी ऊब आली. दुसरें झांकण घेतलें तेव्हां पहिल्यापेक्षां अधिक उलगडा झाला. तिसरें घेतलें नाहीं.

मग वही काढून आम्हीं गणित मांडलें. तें आमचें व्यसन. दोन झांकणें म्हणजे ३० मिलिलिटर. शेंकडा ७ प्रमाणें मद्यार्क २.१ मिलिलिटर. आमच्या द्राक्षासवाच्या बाटलीवर बारीक अक्षरांत छापलें आहे कीं, आंत उत्पन्न झालेला मद्यार्क शेंकडा १० पर्यंत. आम्ही तें सकाळ-संध्याकाळ एक-एक झांकण घेतों. म्हणजे दिवसाचे ३ मिलिलिटरपर्यंत, आणि हें कित्येक वर्षें. ३३० मिलिलिटरची सबंध दुबेल प्यालों असतों तर २३ मिलिलिटर झाले असते. देशी दारूची १८० मिलिलिटरची बाटली, शेंकडा ४२.८ प्रमाणें, ७७ मिलिलिटर. वस्तु चारहि ठिकाणीं एकच. भेद कशाचा तर मापाचा, आणि माप कोणाच्या हातांत आहे याचा.

यावरून ‘थोडी घेतली तर चालते’ असा उपदेश कोणी काढूं नये. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालीं स्पष्ट सांगितलें आहे कीं, मद्याचें आरोग्यास निर्धोक असें कोणतेंहि प्रमाण नाहीं. मद्यार्क कर्करोगास कारण होतो. आमच्या परवान्यावरची भाषा त्यापुढें टिकत नाहीं. आणि आमच्या झांकणाबद्दलहि वैद्यास एकदां विचारावें लागेल. ज्या घरांत पुरुष पितो त्या घरांतल्या बायका-मुलांचे हाल आम्हीं शाळेच्या ओट्यावरून पुष्कळ पाहिले आहेत. निषेध आम्हीं सोडलेला नाहीं. पण त्या निषेधांत आमची स्वतःची एक चूक मिसळलेली होती, आणि ती त्या दिवशीं वासानें उघडी केली.

दुसऱ्या झांकणानंतर आम्हीं पेला पुन्हां हुंगला. काकवी, खजूर, लवंग हीं ओसरलीं होतीं, आणि सर्वांच्या खालीं एक आंबूस, उबदार, कणकेसारखा वास राहिला होता. तो आम्ही ओळखला. प्रथम वडिलांचा घट आठवला, माती फोडून झांकण काढतांना येणारा. आणि लगोलग एका मुलाचा सदरा आठवला.

पस्तीस वर्षें झालीं असतील. तालुक्यांतल्या एका शाळेंत आम्ही चौथीला शिकवीत होतों. वर्गांत एक मुलगा होता. गणितांत विलक्षण, पावकी-निमकी त्याला तोंडपाठ. त्याचा बाप रानांत हातभट्टी लावी. गूळ आणि नवसागर कालवून आंबत घातलेलें रसायन हंड्यांत ठेवीत, आणि रात्रीं राखण करण्यास हा नऊ वर्षांचा पोर बसे. सकाळीं तो तसाच शाळेंत येई. एके दिवशीं आम्हीं भर वर्गांत विचारलें, “हा वास कोणाच्या अंगाला येतो?” मुलांनीं त्याच्याकडे पाहिलें. आम्हीं शुक्राचार्यांची कथा सांगितली: कचाला जाळून त्याची राख असुरांनीं सुरेंत कालविली, शुक्र ती प्याले, आणि शुद्धीवर आल्यावर त्यांनीं सुरापानास शाप दिला. कथा चांगली रंगली. शेवटीं आम्ही म्हणालों, “ज्या घरांत हा वास असतो त्या घरांत विद्या येत नाहीं.”

दुसऱ्या दिवशीं तो आला नाहीं. तिसऱ्याहि दिवशीं नाहीं. आम्हीं हजेरींत तांबड्या शाईनें गैरहजेरी मांडली आणि यथाकाल नांव कमी केलें. त्या संध्याकाळीं घरीं येऊन, पाय धुवून, नित्याप्रमाणें द्राक्षासवाचें झांकण घेतलें असेल. घेतलें नसेल असें मानण्यास कांहीं कारण नाहीं. तोच वास. आमच्या घरांत तो विद्येच्या आड आला नव्हता.

पेल्यांत उरलेलें भाच्यानें संपविलें. आम्ही कांहीं बोललों नाहीं, आणि त्यानेंहि चवीबद्दल पुन्हां विचारलें नाहीं.

दोन दिवसांनीं आम्ही त्या दुकानदार विद्यार्थ्याकडून पत्ता विचारून घेतला. दोघे एकाच बाकावर बसत. घर सांपडलें. अंगणांत त्या मुलाची आई टोमॅटोचे क्रेट धूत होती; डोळ्यांनीं कमी दिसत होतें, तरी आवाजावरून तिनें ओळखलें. मुलगा टेम्पो घेऊन बाजारांत गेला होता. बाप दारूनेंच गेल्याला वीस वर्षें झालीं. “पोरगा शिवत न्हाई दारूला, गुरुजी,” ती म्हणाली. “बापानं पिऊन दावली तेवढी पुरं झाली.” नात दारांत बसून पाढे म्हणत होती, एकोणिसाच्या पाढ्यांत अडखळली, आणि आपल्या आपणच सुधारली.

आम्हांस जें बोलावयाचें होतें तें बोलतां आलें नाहीं. “बसा, च्या ठिवते,” असें म्हणून ती आंत गेली. आमच्या घराण्यांत अशा घरीं कोणी पाणी घेतलेलें नाहीं, हें तिलाहि ठाऊक होतें आणि आम्हांसहि. पितळीच्या कानाशीं ती क्षणभर घुटमळली तें त्यामुळेंच. चहा फार गोड होता. आम्ही तो माप न लावतां सबंध प्यालों, आणि तिचा मुलगा परत येईपर्यंत बसून राहिलों.